रोबो शेवटच्या आठवड्यात बनत नाही : मराठी निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथालेखकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

पडद्यासाठी रोबो, यांत्रिक बाहुल्या, फायबरचे पोशाख आणि हलते देखावे घडवणाऱ्या कारागिरांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत.

यंत्रमानव आता परग्रहावरून आपल्या दिवाणखान्यात आला आहे. २०१६ मध्ये ‘बहू हमारी रजनीकांत’ या हिंदी मालिकेने रोबो सून घरात आणली. २०१९ मध्ये ‘अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५’ या मल्याळम चित्रपटाने गावातल्या हट्टी म्हाताऱ्याच्या सोबतीला रोबो दिला. २०२४ च्या ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’ची तर नायिकाच रोबो. मराठी लेखकही असे प्रसंग लिहू लागले आहेत आणि त्याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. आमची अडचण वेगळीच आहे. चित्रीकरणाला आठ दिवस उरले की कला विभागाकडून फोन येतो, ‘एक रोबो हवाय, फोटो पाठवलाय, असाच करा.’ त्या आठ दिवसांत जे उभं राहतं त्याला रंग असतो, दिवे असतात, पण जीव नसतो. मग संकलनात त्याचे शॉट कापले जातात आणि ‘आपल्याकडे हे जमत नाही’ असा शेरा पडतो.

जमतं. त्यासाठी आमची मागणी एकच आहे : पटकथेचा पहिला खर्डा तयार झाला की रोबो घडवणाऱ्याला वाचनाला बोलवा. कारण कोणती मोटर, कोणता साचा आणि आत कोण, हे सगळं पटकथेतल्या क्रियापदांवर ठरतं.

एक साधी ओळ घेऊ. ‘रोबो आजींना चहा आणून देतो.’ लेखकाला ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट वाटते. आम्हाला तिच्यात चालणं, वळणं, ट्रे तोलणं, वाकणं, कप उचलून ठेवणं आणि आजींकडे बघणं अशी सहा वेगळी कामं दिसतात. ही सहाही कामं करणारा एकच रोबो बनवणं मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही जड जातं, आणि कॅमेऱ्याला त्याची गरजही नसते. चालणं, वळणं आणि वाकणं यासाठी पोशाखातला माणूस. चेहऱ्याच्या क्लोजअपसाठी कमरेपासून वरचं यांत्रिक धड, जे कधीच चालणार नाही. कप ठेवणाऱ्या बोटांसाठी वेगळा हात, तोही बहुतेक वेळा रोबोचा मोजा घातलेला माणसाचाच.

ट्रे मात्र नीट बघावा लागतो. पोशाखातल्या माणसाला खालचं काही दिसत नाही आणि जाड बोटांत ट्रे धरल्याचं त्याला जाणवतही नाही. म्हणून मोज्याच्या तळव्यात २० मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाडीची दोन-दोन निओडायमियम चुंबकं शिवायची. इथे पहिली फसगत होते, कारण घरातले स्टीलचे बरेच ट्रे चुंबकाला धरतच नाहीत. आधी तपासा. धरत नसेल तर ट्रेच्या तळाला लोखंडी पत्रा चिकटवा. कप ट्रेला दुहेरी चिकटपट्टीने बसवा आणि चहा एक तृतीयांशच भरा, कारण फायबरच्या गुडघ्याने टाकलेलं पाऊल हिसका देतं. आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही, पण विचारायलाच हवी : आजींचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीला पेसमेकर आहे का? असेल तर ही चुंबकं तिच्या छातीजवळ जाता कामा नयेत. अशा वेळी ट्रे पट्ट्याने बांधायचा आणि दृश्याची मांडणी बदलायची. हे सेटवर सकाळी सात वाजता कळून उपयोग नाही.

म्हणजे एका पात्राची निदान तीन शरीरं लागतात : चालणारा पोशाख, बोलणारं धड, आणि पडण्या-आपटण्यासाठी फोमची हलकी प्रत. ही काही उधळपट्टी नव्हे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधला आर-टू-डी-टू तीन पायांवर धावताना रेडिओवर चालणारं यंत्र होता आणि दोन पायांवर डुलताना त्याच्या आत केनी बेकर हा नट होता. त्याच चित्रपटमालिकेत २०१५ मध्ये आलेल्या बीबी-८ या रोबोच्याही अनेक प्रती केल्या होत्या, प्रत्येक प्रत एकेका प्रकारच्या शॉटसाठी. तिथे पैसा मुबलक असूनही कुणी ‘सगळं करणारा एकच’ बनवायला गेलं नाही.

आता त्या बोलणाऱ्या धडाकडे येतो, कारण घाईत सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. समजा डोक्याचं वजन १.२ किलो आहे आणि ते पुढे झुकल्यावर त्याचा भार मानेच्या सांध्यापासून ८ सेंटिमीटर पुढे पडतो. म्हणजे मानेच्या मोटरवर ९.६ किलो-सेंटिमीटरचा ताण आला. बाजारात सहज मिळणारी एमजी ९९६ आर ही सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर) ६ व्होल्टवर साधारण ११ किलो-सेंटिमीटरची म्हणून विकली जाते. कागदावर हिशेब जुळतो. पण ११ हा आकडा मोटर अडकून थांबते त्या क्षणाचा आहे. त्याच्या जवळपास ती राबवली तर दोन टेकमध्ये तापते, तिसऱ्यात मान थरथरते आणि संध्याकाळपर्यंत तिचे दाते झिजतात. सर्व्होच्या कमाल ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यातच काम घ्यायचं, हा आमचा नियम. म्हणून मानेला ३० किलो-सेंटिमीटरची मोटर लावायची किंवा मानेमागे स्प्रिंग देऊन दोन तृतीयांश भार तिच्यावर टाकायचा. आम्ही दुसरा मार्ग पसंत करतो, कारण मोठी मोटर आवाजही मोठा करते.

दुसरा दोष सांध्याच्या ढिलेपणाचा. सांध्यात एक अंशाची ढिलाई असेल तर त्यापासून १५ सेंटिमीटरवर असलेली भुवई अडीच मिलिमीटर हलते. वाइड शॉटमध्ये हे दिसत नाही. ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर चेहरा पडदाभर आला की रोबो कंप सुटलेल्या रुग्णासारखा दिसतो. उपाय स्वस्त आहे. एक बारीक स्प्रिंग लावून सांधा कायम एकाच बाजूला ओढलेला ठेवायचा, म्हणजे दाते मधल्या मोकळ्या जागेत हिंदकळत नाहीत. पण ती स्प्रिंग लावायची जागा साचा करतानाच सोडावी लागते. तयार डोक्यात ती मागाहून बसत नाही.

तिसरा दोष विजेचा. मान, डोळे, पापण्या आणि जबडा मिळून आठ मोटरा धरा. एमजी ९९६ आर अडकली की एकटी अडीच अँपिअर ओढते. सगळ्या एकाच क्षणी हलल्या तर क्षणभर २० अँपिअरची मागणी येते. बारीक वायरीतून ती पुरी होत नाही, व्होल्टेज पडतं, नियंत्रक बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि रोबो भर संवादात झटका देऊन सगळे सांधे मूळ जागी नेतो. बघणाऱ्याला वाटतं प्रोग्राम चुकला. मग प्रोग्रामरला झोपेतून उठवलं जातं. खरं दुखणं वायरीत असतं. मोटरांना वेगळा वीजपुरवठा, बोर्डाला वेगळा, दोघांचा ग्राउंड (ऋण वायर) एकत्र, मोटरांच्या मुख्य वायरी जाड आणि मोटरांच्या जवळ २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढं केलं की हा रोग बहुतेक जातोच.

हालचाल कशी लिहायची, हा खरा कलेचा भाग. आधी डोळे वळतात, तीन-चार फ्रेमनंतर डोकं, आणि मग वाटल्यास खांदा. डोळे आणि डोकं एकदम वळलं की ते यंत्र वाटतं, आणि तेही मेलेलं. प्रत्येक हालचाल हळू सुरू होऊन हळू थांबली पाहिजे. पापणी मिटून उघडायला पाच-सहा फ्रेम पुरतात. त्याहून जास्त लागल्या तर रोबो पेंगुळलेला दिसतो. हे बसवायला मोटरा लावल्यानंतर निदान दहा दिवस लागतात, आणि दिग्दर्शकाने त्यातला एक दिवस तरी समोर बसायला हवं. १९९३ च्या ‘झपाटलेला’साठी रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या आणि हलवलेल्या तात्या विंचूने महाराष्ट्राची झोप उडवली, ती मोजक्या हालचालींवरच. प्रत्येक हालचाल कधी करायची आणि कधी नाही हे जाणणारा हात तिच्यामागे होता, म्हणून ती बाहुली आजही अंगावर येते.

सेटवरच्या इतर विभागांशी रोबोचं भांडण होतं ते तीन गोष्टींवरून, आणि तिन्ही आधी बोलून मिटतात.

पहिली आवाजाची. सर्व्होची किरकिर माणसाच्या बोलण्याच्याच पट्टीत येते, त्यामुळे ती नंतर साफ करणं अवघड जातं. संवाद सेटवरच ध्वनिमुद्रित करणार असाल तर आम्हाला सुरुवातीलाच सांगा. मग आम्ही मोटरा डोक्यात न ठेवता दोन मीटर दूर ठेवू आणि सायकलच्या ब्रेकला असते तशा केबलने डोकं हलवू. ही केबल कुठेही १० सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळता कामा नये, नाहीतर घर्षण वाढून डोळे अडकत-अडकत फिरतात. त्यासाठी सोफ्याला मागून भोक हवं, भिंतीला झडप हवी, म्हणजेच सेट उभा राहण्याआधी कलादिग्दर्शकाला हे कळायला हवं. डबिंग होणार असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो.

दुसरी दिव्यांची. छातीवरचे एलईडी मंद करायला साधे बोर्ड ते सेकंदाला शेकडो वेळा लावतात-विझवतात. आर्डुइनो या सर्रास वापरल्या जाणाऱ्या नियंत्रक बोर्डाच्या बहुतेक पिनांवर हा वेग ४९० हर्ट्‌झ असतो. डोळ्याला दिवा स्थिर दिसतो, पण कॅमेऱ्यात, विशेषतः स्लो मोशनमध्ये, त्यावर काळे पट्टे सरकतात. बोर्डाची ही गती २० किलोहर्ट्‌झच्या वर नेली किंवा दिवे सरळ डीसी करंटवर मंद केले की पट्टे जातात. छायाचित्रणकाराने फ्रेमचा वेग आणि शटर आधी कळवलं तर आम्ही त्याच आकड्यांवर चाचणी घेऊन येऊ. आणि पोशाख चकचकीत क्रोमचा हवा असा आग्रह असेल तर एकदा विचार करा. छातीच्या गोलाईत कॅमेरा, बूम (माइकची लांब काठी) आणि अख्खं युनिट दिसतं, आणि खऱ्या धातूवरची चकाकी पोलरायझर फिल्टरने जात नाही. थोडा मळका, घासलेला, अर्धवट मॅट रोबो जास्त खराही वाटतो.

तिसरी रेडिओची. बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. फोकस पुलरचं (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्याचं) बिनतारी यंत्र, युनिटचं वायफाय आणि दीडशे मोबाइलही तिथेच गर्दी करतात. कार्यशाळेत शंभर मीटर चालणारा रिमोट सेटवर दहा मीटरवर तुटतो. चाकांच्या रोबोला म्हणून दोन गोष्टी सक्तीच्या : सिग्नल तुटताच मोटरा आपोआप बंद, आणि पाठीवर लाल बटण, ज्याच्या शेजारी एक माणूस कायम उभा. लहान मुलांबरोबरच्या दृश्यात तर चाकाचा रोबो रिमोटवर सोडूच नये. दोरीने ओढावा.

आता पोशाखाबद्दल. छोट्या-मध्यम खर्चात पूर्ण लांबीचा रोबो हवा असेल तर पोशाखातला माणूस हाच आजही सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. कुंजप्पनच्या आत सूरज तेलक्काड हा नट होता. २०१९ च्या ‘आय अ‍ॅम मदर’मध्ये वेटा वर्कशॉपने बनवलेल्या पोशाखात ल्यूक हॉकर होता आणि ‘मदर’ या रोबोचा आवाज रोझ बर्नचा. दोन्हीकडे पोशाख त्या माणसाच्या मापाचा होता, आणि गोम तिथेच आहे. नट ठरल्याशिवाय साचा सुरू करता येत नाही. शरीराचं स्कॅन किंवा प्लास्टरचा ठसा घेऊन त्यावर माती चढवायची, साचा काढायचा आणि मग फायबर.

फायबरमध्ये छातीसाठी (चौरस मीटरला) ३०० ग्रॅमच्या काचतंतू मॅटचे दोन थर पुरतात. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. मेच्या उकाड्यात खालचा आकडा धरा, नाहीतर ब्रश भांड्यातच अडकतो. पावसाळ्यात दमट हवेने पृष्ठभाग चिकट राहतो आणि त्यावरचा रंग सोलून येतो. घाईच्या कामात कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो द्रव) आणि हार्डनर कुणी एकाच भांड्यात ओततं. हे कधीही करू नये, त्याचा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. आठ दिवसांच्या मुदतीत रात्रपाळीला असेच अपघात होतात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

वजन आटोक्यात ठेवायचं तर फक्त छाती, शिरस्त्राण आणि नडग्या फायबरच्या करून बाकी सगळं इव्हा फोमचं करावं, खांद्याला १० मिलिमीटर, दंड-मांडीला ५. जोडायच्या फोमच्या दोन्ही बाजूंना सोल्युशन (रबरी गोंद) लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं. ओलं असतानाच जोडलं तर सांधा उन्हात उघडतो. फोमवर थेट एनॅमल मारला तर कोपरापाशी पहिल्याच वाकण्यात तडे जातात. आधी हीट गनने पृष्ठभाग बंद करून लवचिक प्रायमरचे तीन-चार हात द्यावे लागतात. सगळा पोशाख १२ किलोच्या आत आणि शिरस्त्राण दीड किलोच्या आत बसलं पाहिजे. गुडघ्याच्या वाट्या आणि बकल दोन-दोन जोड हवेत, कारण मोडणार तेच. दोन फायबर एकमेकांना घासतात तिथे आतून फेल्ट चिकटवा, नाहीतर रोबो चालताना जुन्या कपाटासारखा कुरकुरतो.

या पोशाखात एक माणूस आहे, हे युनिट दुपारपर्यंत विसरतं. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शिरस्त्राणातले दोन छोटे पंखे फक्त गरम हवा फिरवतात. छाती-पाठीला बर्फाच्या पाकिटांचं जाकीट हवं आणि ते बदलायला दुसरा संच आइस बॉक्समध्ये हवा. एका वेळी १५ ते २० मिनिटं पोशाख, मग शिरस्त्राण काढून तेवढीच विश्रांती. पाणी आणि ओआरएस मागण्याची वाट न बघता द्यायचं. शिरस्त्राण दहा सेकंदांत निघालं पाहिजे, म्हणून स्क्रू नकोत, चुंबक किंवा खटका हवा. आतल्या माणसाच्या कानात इअरपीस आणि हाताची एक ठरलेली खूण. त्याला गरगरलं, मळमळलं, तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा घाम अचानक थांबला तर टेक तिथेच थांबवून त्याला सावलीत न्यायचं, पोशाख उतरवून अंगावर पाणी आणि बर्फ लावायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. लिथियम पॉलिमर बॅटरी अंगाला लागून कधीही ठेवू नका. ती दबली किंवा टोचली तर पेट घेते. पोशाखात लिथियम फेरोफॉस्फेटची बॅटरी वापरा, आणि चार्जिंग सेटबाहेर, कुणाच्या तरी नजरेसमोर.

त्या माणसाचं नाव श्रेयनामावलीत असलं पाहिजे. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मध्ये श्रेयनामावलीत रॉबी या रोबोचं नाव झळकलं, पण त्याच्या आत राबणाऱ्या फ्रँकी डॅरोचं नाव नव्हतं. गुपित राखायचं असेल तर प्रदर्शनापर्यंत राखा, आमची हरकत नाही. पण चित्रपटाच्या अखेरीस पोशाखातला कलाकार, बाहुली चालवणारे हात आणि आवाज या तिघांची नावं वेगवेगळी आली पाहिजेत. हे करारात लिहावं, तोंडी नको.

कधी कधी रोबो माणसाच्या आकाराचा नसतो आणि तिथे पोशाख चालत नाही. अशा वेळी बाहुलीचा विचार करा. २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’मधला टार्स हा रोबो, म्हणजे साधारण ९० किलोचा धातूचा ठोकळा, बहुतेक दृश्यांत सेटवर प्रत्यक्ष होता. बिल अर्विन हा नट मागे उभा राहून तो चालवायचा, आवाजही त्याचाच. नंतर संगणकावर नटालाच पुसून टाकलं. ही पद्धत आपल्या अगदी जवळची आहे. पुण्या-मुंबईच्या गणेश मंडळांचे हलते देखावे करणाऱ्यांना वायपर मोटर, क्रँक आणि दांड्यांनी एका मोटरवर चार मूर्ती हलवणं रोजचं आहे. बारा व्होल्टची वायपर मोटर मिनिटाला चाळीस-साठ फेरे देते, ताकद भरपूर, किंमत कमी. ती आवाज करते आणि तिची हालचाल तीच ती होते. पण मागच्या टेबलावर बसून जेवणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या रोबोंना तेच पाहिजे असतं. मुख्य रोबोवर सगळा पैसा संपवून पार्श्वभूमी रिकामी ठेवण्यापेक्षा हे कारागीर बोलवा. वर्षातले आठ-नऊ महिने त्यांना कामाची गरज असते.

दांड्या पुसायच्या तर क्लीन प्लेट हवी. त्याच लेन्सवर, त्याच फोकस आणि एक्स्पोजरवर, दिवे न हलवता, रोबो आणि चालक बाहेर काढून दहा सेकंद रिकामी फ्रेम. तेवढं एक मिनिट सहायक दिग्दर्शकाने द्यायचंच. ते दिलं नाही तर व्हीएफएक्सवाल्याला मागची भिंत फ्रेमगणिक रंगवावी लागते. कॅमेरा हलत असेल तर तीच हालचाल पुन्हा करा. शेवटी क्रोमचा आणि करड्या रंगाचा गोळा रोबोच्या जागी धरून एकेक शॉट घ्या, म्हणजे संगणकावरचा प्रकाश सेटशी जुळतो.

‘पोस्टमध्ये (चित्रीकरणानंतर संगणकावर) करू’ म्हणणाऱ्यांना २०१५ च्या ‘एक्स माकिना’चं उदाहरण द्यायला आवडतं. दीड कोटी डॉलरच्या आसपासच्या, हॉलिवूडच्या मानाने लहान खर्चात बनलेल्या त्या चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं, हे खरं. पण रोबोची भूमिका करणारी अलिशिया विकांदर सेटवर रोबोचा पोशाख घालूनच वावरली, त्या पोशाखाच्या कडांवरून संगणकाने शरीर बदललं आणि त्यासाठी रिकाम्या प्लेट शिस्तीने घेतल्या गेल्या. हिरवे पडदे तिथे नव्हते. पोस्टमध्ये जे दिसलं ते आधी ठरलेलं होतं. आपल्या खर्चात आमची सूचना अशी की पूर्ण शरीर बदलू नका. फक्त मानेचा चार बोटं रुंद पट्टा आणि एक मनगट पारदर्शक दाखवा, तेही पाच-सहा शॉटमध्ये. बाकी वेळी साडीचा पदर किंवा बंद गळ्याचा कुर्ता ते झाकतो आणि प्रेक्षकाच्या मनात ते मनगट राहतंच.

जिथे नट स्वतःच अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखा रोबो, असतो तिथे आमचं काम थोडं आणि नटाचं जास्त. तरी एक सांगतो, कारण मालिकांत हे सर्रास चुकतं. झटके देत चालणं आणि एकसुरी बोलणं आता पुरे. ‘ह्युमन्स’ या ब्रिटिश मालिकेसाठी (२०१५ ते २०१८) डॅन ओ’नील या नृत्यदिग्दर्शकाने नटांची शाळाच घेतली होती. तिथला भर होता अनावश्यक हालचाल गाळण्यावर. यंत्र वीज वाया घालवत नाही, म्हणून केस सावरणं, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर टाकणं, बोलताना उगाच हात हलवणं बंद. एका वेळी एकच गोष्ट हलते. पापणी रोखून धरायची नाही, डोळ्यांत पाणी येतं आणि मेकअप बिघडतो. मान वळवताना पापणी लववायची, म्हणजे ती दिसत नाही. श्वास पोटातून, कारण छाती वरखाली झालेली क्लोजअपमध्ये लगेच कळते. यासाठी निदान पाच दिवस सराव हवा आणि कंटिन्युइटी सांभाळणाऱ्याने या सवयींची वेगळी नोंद ठेवायला हवी, नाहीतर चाळिसाव्या भागात रोबो सून पदर सावरताना दिसते.

वेळेचा हिशेब सांगतो. तिन्ही शरीरांसह एक रोबो नीट उभा राहायला अकरा ते बारा आठवडे लागतात. पटकथेची फोड आणि चित्रं यांना दोन-तीन आठवडे, माप आणि साच्यांना तीन, यंत्रं आणि वायरिंगला तीन, हालचाली बसवायला दोन. शेवटचा आठवडा खऱ्या कॅमेऱ्यावर, खऱ्या दिव्यांखाली चाचणीचा. तो कापू नका. वर सांगितलेले सगळे दोष त्याच आठवड्यात सापडतात. दैनंदिन मालिकेला एवढी वाट बघणं शक्य नसतं, हे आम्ही जाणतो. पण तिथेही कथानकात रोबो येणार हे तीन महिने आधी ठरलेलं असतंच. त्याच दिवशी कळवा. सुरुवातीच्या भागांत खोक्यातला रोबो, त्याचा नुसता हात, दाराआडून त्याचा आवाज एवढंच ठेवलं तर आम्हाला आणखी दोन आठवडे मिळतात आणि प्रेक्षकाची उत्सुकताही वाढते.

पहिल्या बैठकीला येताना रोबो असलेल्या सर्व दृश्यांची पानं, संवाद सेटवर मुद्रित होणार की डबिंग, कॅमेरा आणि फ्रेमचा वेग, चित्रीकरणाची जागा आणि महिना एवढं हवं. संदर्भाचा फोटो नसला तरी चालेल. पोशाखात जाणारा कलाकार ठरला असेल तर त्यालाही बरोबर आणा, माप त्याच दिवशी घेऊ.

आपले,
पडद्यासाठी रोबो, बाहुल्या आणि हलते देखावे घडवणारे कारागीर